अफजलखान ‘अपनेवाला’ होता का?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. परीक्षा झालीच नाही, सगळे पुढच्या वर्गात गेले. चौथी सुरू झाली ती घरात आणि संपलीही घरातच. आमच्या चिखलीत ऑनलाइन शाळा म्हणजे बापाच्या फोनवर येणारे दोन-तीन व्हिडिओ, एक पीडीएफ, आणि रेंज गेली की सुट्टी. बहिणीचं घर गल्लीतच आहे. तिचा मुलगाही चौथीत, पण उर्दू माध्यमात. शेवटी घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की दोघांना रोज सकाळी नाश्त्यानंतर आमच्या ओसरीवर बसवायचं. गणित बायकोने घेतलं, उर्दू बहिणीने, आणि परिसर अभ्यासाचा दुसरा भाग माझ्या वाट्याला आला. कामधंदा बंद होता, वेळ भरपूर होता.

चौथीचा परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे शिवाजी महाराजांचं चरित्र. १९७० साली ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक चौथीला लागलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांची इतिहासाशी पहिली खरी ओळख इथेच होते. माझीही इथेच झाली. मुलीच्या हातात मराठी पुस्तक, भाच्याच्या हातात तेच उर्दूत. एक डावीकडून उघडायचं, दुसरं उजवीकडून. धडे तेच, चित्रं तीच. दोघं शेजारी बसून एकच गोष्ट दोन लिप्यांत वाचायची, हे दृश्य मला फार आवडायचं.

प्रतापगडाच्या धड्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर गल्लीतली पोरं संध्याकाळी ‘शिवाजी-अफजलखान’ खेळू लागली. आमची गल्ली मिश्र आहे, सगळ्यांचीच पोरं खेळतात. भाचा अंगापिंडाने थोराड, म्हणून खान तोच व्हायचा. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट मरण्याचा अभिनय तो फार रंगवून करायचा. मग एका संध्याकाळी कुणीतरी ओरडलं, ‘तुमचा खान मेला!’ त्या ‘तुमचा’वर पोरगा अडकला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्याने विचारलं, ‘मामू, अफजलखान अपनेवाला था क्या?’

महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत हा प्रश्न नवा नाही. मी लहानपणी तो वडिलांना विचारला होता. ‘चुपचाप पढ,’ एवढंच उत्तर मिळालं होतं. त्यांची पिढी दंगलींच्या बातम्या रेडिओवर ऐकत वाढलेली; गप्प राहणं हीच त्यांची शिकवण होती. मी शिकलेला, वाचणारा माणूस. मी गप्प बसणार नव्हतो. मी यादी काढली.

ही यादी तुम्हालाही पाठ असेल. महाराजांच्या सोबत प्रतापगडाच्या भेटीला गेलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहिम होता. आरमारात दौलतखान होता. काझी हैदर पत्रव्यवहार बघायचा. सिद्दी हिलाल पन्हाळ्याच्या वेढ्यात लढला. यातली बरीच नावं पक्की आहेत. इब्राहिमचं नाव कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त, म्हणजे महाराजांच्या हयातीतल्या ग्रंथात, आलेलं आहे. पण यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली की वाढत जाते. सैन्यात मुसलमान किती टक्के होते, अंगरक्षकांत किती होते, याचे आकडे दरवर्षी फुगतात. आग्र्याच्या सुटकेतला मदारी मेहतर तर आपल्या प्रत्येक भाषणात येतो, मात्र समकालीन कागदांत त्याला आधार मिळत नाही. मीही त्या दिवशी पक्कं-कच्चं न बघता सगळी यादी दोघांकडून पाठ करून घेतली. आणि हेही सांगितलं, की खानाच्या फौजेत महाराजांचे भाऊबंद मंबाजी भोसले होते, आणि त्याचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता.

मुलगी संध्याकाळी गल्लीत गेली आणि सगळी यादी म्हणून आली. परत आली ती पडलेल्या तोंडाने. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. मग एकाने विचारलं होतं, ‘म्हणजे चांगले मुसलमान पण होते. मग तू कोणती, चांगली की खानवाली?’

विचारणाऱ्या पोराचा यात काही दोष नाही. त्याने माझ्या यादीचा बरोबर अर्थ लावला होता. मी मुलीच्या हातात इतिहास दिलाच नव्हता, दाखला दिला होता. तहसीलमधून आणतो तसा. आणि दाखला दाखवणाऱ्याला समोरचा माणूस आणखी एक कागद मागतोच. साडेनऊ वर्षांच्या पोरीला मी रांगेत उभं केलं होतं.

याची उलट बाजूही त्याच वर्षी घरात शिरली. २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ती आपल्या मोहल्ल्यांत पोचली. पोरांच्या हातात लाकडी तलवारी आल्या. भाच्याने जाहीर केलं, की यापुढे तो खान होणार नाही, एर्तुग्रुल होईल. माझ्या ओळखीचे काही पालक खूश होते. मुलांना ‘आपला’ इतिहास मिळतोय म्हणून. आखातातल्या एका मित्राने मला इंग्रजीतला अभ्यासक्रमच पाठवला. बद्र, दमास्कस, बगदाद, कॉर्डोबा, मग इस्तंबूल. सुंदर छापलेला. त्यात वऱ्हाड नव्हतं, दख्खन नव्हती, मलिक अंबरसुद्धा नव्हता. इथिओपियात जन्मलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला आणि १६१० मध्ये खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा माणूस आमच्यापासून दोन-तीन तासांवर घडला. पण पोरांना अनातोलियातल्या टोळ्यांची नावं तोंडपाठ होती.

पैगंबरांचं चरित्र, खलिफांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यातच. त्या दीनच्या शिकवणीचा भाग आहेत. पण इतिहास म्हणून दूरच्या वैभवाचा चित्रपट दाखवला की इथल्या गल्लीतला प्रश्न तसाच राहतो. उलट ‘तुझं खरं घर दुसरीकडे आहे’ हे जे बाहेरचे सांगतात, तेच आपण घरात सांगायला लागतो.

मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि सुतळीचा गुंडा आणला. कल्पना साधी होती. प्रत्येक वितेवर एक गाठ मारायची. एक गाठ म्हणजे पंचवीस वर्षं, ढोबळमानाने एक पिढी. पहिल्या गाठीपाशी मुलं स्वतः. दुसरीच्या पुढे मी. तिसऱ्या गाठीच्या आसपास दादी, म्हणजे माझी आई. तिचं माहेर जालना जिल्ह्यातलं. तिला मुलांनी बोलतं केलं, तेव्हा तिने बाहत्तरचा दुष्काळ सांगितला. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर खडीचा व्रण आहे. भाच्याने तो व्रण बोट लावून बघितला आणि विचारलं, ‘ये किताब में है?’ मी म्हटलं, दुष्काळ पुस्तकात मिळेल, हा अंगठा नाही मिळणार. इतिहास कुठून येतो, हे त्याला माझ्या कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या अंगठ्यावरून जास्त कळलं असावं.

गाठी मारत मागे गेलो तर सतराव्या गाठीपाशी जिजाऊंचा जन्म आला, १२ जानेवारी १५९८, सिंदखेडराजा. आणि तिथून एका वितेच्या आत रोहिणखेडची मशीद, १५८२. हा शोध मुलीचा. आमच्या जिल्ह्यातल्या या दोन गोष्टींत जेमतेम सोळा वर्षांचं अंतर आहे, हे मला चाळिशीपर्यंत कधी सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या दोन वेगळ्या कपाटांत होत्या. एक ‘महाराष्ट्राच्या इतिहासा’त, दुसरी ‘मुसलमानांच्या’. सुतळीला कपाटं नसतात.

नोव्हेंबरमध्ये मशिदी-मंदिरं उघडली. डिसेंबर-जानेवारीत आम्ही चौघं मोटरसायकलवर आणि पुढे मेहुण्याच्या जुन्या जीपमधून फिरलो.

रोहिणखेड मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. मशीद लहान आहे, दगडी आहे, बघण्यासारखी आहे. बांधणारा खुदावंदखान महदवी पंथाचा, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांना महदी मानणारा. या पंथाला बाकीच्या मुसलमानांनी कमी छळलेलं नाही. मशीद उभी राहिल्यावर दहा वर्षांच्या आतच याच रोहिणखेडला लढाई झाली. एका बाजूला बुऱ्हाण निजामशाह, दुसऱ्या बाजूला महदवी सरदार जमालखान. तो लढत होता त्या बालसुलतानासाठी, जो बुऱ्हाणचाच मुलगा होता. जमालखान मारला गेला आणि बापाने मुलाची गादी घेतली. मुलांना हे कळायला दोनदा सांगावं लागलं. भाचा म्हणाला, ‘दोनों तरफ अपनेवाले?’ मी म्हटलं, हो. ‘तो फिर लड़े क्यों?’ हा मात्र इतिहासाचा प्रश्न होता. वर्षभरात त्याने विचारलेला पहिला.

साखरखेर्ड्यालाही तेच. सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव. इथे ११ ऑक्टोबर १७२४ ला निजाम-उल-मुल्कने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखानाला हरवलं आणि गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. दिल्लीच्या बादशहाची आतून फूस मुबारिजखानाला होती, आणि निजामाच्या मदतीला मराठ्यांची फौज होती. मुबारिजखानाचं कापलेलं डोकं निजामाने बादशहालाच नजर केलं, बंडखोराचं म्हणून. पोरांना हा भाग अर्थातच सगळ्यात जास्त आवडला. १९४८ पर्यंत चाललेलं हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थाने आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या शिवारात सुरू झालं, हे आमच्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे?

लोणार वेगळं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पेपरात फोटो बघून दोघांनी मला हैराण केलं होतं. आम्ही पोचलो तोवर रंग गेलेला. पण काठावर बसून सुतळीचा हिशोब केला. हे विवर कधी पडलं याचा जुना अंदाज सुमारे ५० हजार वर्षांचा होता, नंतरच्या एका अभ्यासात तो ५ लाख ७० हजारांपर्यंत गेला. वितेला एक गाठ धरली तर आमची सुतळी पाच किलोमीटर लांब लागेल. मुलीला त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटली. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने लोणारचा ‘शोध लावला’ असं ती वाचून आली होती. मी तिला सांगितलं, की त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचं खारं पाणी, तिथे मिळणारं काच आणि साबणाचं सामान आणि ब्राह्मण या जागेला किती पवित्र मानतात, हे सगळं लिहून ठेवलंय. ती म्हणाली, ‘और उसके पहले जो बायका इथे धुणं धुवायच्या?’ आमच्या घरात भाषा अशीच चालते. शोध लावला असं कुणाच्या बाबतीत म्हणायचं, हा प्रश्न तिच्याकडून आला आणि मी उत्तर दिलं नाही.

सिंदखेडराजाला मात्र आम्ही अख्खा दिवस काढला. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, मोती तलाव. मग लखुजींची समाधी. भव्य वास्तू, वर घुमट, कमानी. भाचा लांबूनच म्हणाला, ‘ये तो दरगा है.’ नाही, समाधी आहे, हिंदू सरदाराची. मग अशी का? कारण बांधणारे गवंडी तेच होते, त्या काळात मोठ्या माणसाची कबर असो की समाधी, ती अशी दिसावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. आजच्या बंगल्यांची गेटं सारखी दिसतात ना, तसं.

तिथल्या पायऱ्यांवर बसून मी त्यांना खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट सांगितली. निजामशहाचा दरबार सुटला. बाहेर गर्दी. खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवू लागला. लखुजींचा मुलगा दत्ताजी हत्तीला आवरायला, मारायला धावला. भोसल्यांच्या घरातले विठोजींचे मुलगे हत्तीच्या बाजूने मध्ये पडले. हत्ती राहिला बाजूला आणि माणसं एकमेकांवर तुटून पडली. संभाजी भोसल्याच्या हातून दत्ताजी गेला. मुलगा मेला हे कळताच लखुजी माघारी फिरले, त्यांनी संभाजीला मारलं. मध्ये आलेल्या शहाजीराजांना, आपल्या जावयाला, त्यांनी जखमी केलं.

मी एवढं सांगून थांबलो आणि विचारलं, त्या रात्री जिजाऊ कुणासाठी रडल्या असतील?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, भावासाठी. भाचा म्हणाला, नवऱ्याच्या जखमेची पण काळजी असेल. मग मुलगी म्हणाली, आणि वडिलांचा रागही आला असेल, पण त्यांचा मुलगा मेला होता ना. दोघांनी मिळून अर्धा तास त्यावर वाद घातला. तिथे ‘अपनेवाला’ हा शब्द एकदाही आला नाही. बाईचं माहेर आणि सासर एकमेकांच्या रक्ताला लागलेलं, त्यात तिचं ‘आपलं’ कोण? पुढे भातवडीच्या लढाईत, १६२४ साली, जावई मलिक अंबरच्या बाजूने आणि सासरे मुघलांच्या बाजूने लढले. त्याच लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी पडले. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. आणि १६२९ मध्ये लखुजींना त्यांच्या मुलांसह निजामशहाने दौलताबादच्या दरबारात दगा देऊन मारलं. हे शेवटचंही मी मुलांना सांगितलं. मारणारा मुसलमान होता, हेही लपवलं नाही. जिजाऊंच्या मनात स्वराज्याची इच्छा कुठून आली असेल, याचं एक उत्तर तिथे असू शकतं. मुसलमान मुलाला हे समजायला हवं, आणि समजल्यावर त्याने खाली मान घालायचं कारण नाही.

हे लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात माझी परीक्षा झाली मेहकरला.

मेहकरचं बालाजीचं मंदिर प्रसिद्ध आहे. तिथली काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीखाली सापडली. मंदिरात भेटलेल्या एका आजोबांनी मुलांना अगदी प्रेमाने सगळी हकिगत सांगितली. आमची नावं त्यांना माहीत नव्हती. शेवटी ते म्हणाले, आक्रमणाच्या भीतीने पूर्वजांनी देव मातीत लपवला होता, बाळांनो. मुलीने लगेच विचारलं, ‘कुणाच्या भीतीने?’ आजोबांनी माझ्याकडे बघितलं. माझी दाढी त्यांच्या तेव्हा लक्षात आली असावी. म्हणाले, ‘असेल कुणाच्या तरी. जुनी गोष्ट आहे.’ आणि दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला.

परतीच्या वाटेवर मुलगी गप्प होती. चहाला थांबलो तेव्हा तिने तोच प्रश्न मला विचारला. मी काय काय सांगू शकलो असतो! मंदिरं हिंदू राजांनीही लुटली, औरंगजेबाने काही मंदिरांना जमिनीही दिल्या, मूर्ती नक्की कुणी आणि कधी पुरली याची नोंद कुठे आहे? हे सगळं मला येतं. मी अशा वादांत रात्री काढल्या आहेत. आणि यातलं बरंच खरंही आहे. पण समोर दहा वर्षांची मुलगी होती आणि तिने साधा प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, मुसलमान फौजांच्या भीतीने, असं इथले लोक मानतात. काही सुलतानांनी आणि सरदारांनी मंदिरं तोडली, हे खरं आहे. ज्यांनी मूर्ती पुरली त्यांना खरोखर भीती वाटली असणार, उगाच कुणी आपला देव मातीत ठेवत नाही.

ती म्हणाली, ‘आपल्याला वाईट वाटायला पाहिजे का?’

मी म्हटलं, त्या माणसांसाठी वाटायला पाहिजे. तू केलंस म्हणून नाही.

याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. नंतर जुन्या गॅझेटिअरमध्ये वाचलं, की याच मेहकरच्या मोमिन विणकरांनी एके काळी गावाला तटबंदी बांधून दिली होती, आणि पुढे पेंढाऱ्यांच्या धुमाकुळात गाव उजाड झालं. म्हणजे भीती विणकरांनाही होती. हे मी मुलीला काही दिवसांनी सांगितलं, पण मुद्दाम त्याच दिवशी, हिशोब बरोबर करायला म्हणून नाही. ‘त्यांचं दुःख’ ऐकल्यावर लगेच ‘आपलं दुःख’ काढायची आपल्याला सवय लागलीय. मुलांना ती लागू नये.

२०१७ मध्ये सातवीच्या पुस्तकातला मुघलांचा भाग आटला तेव्हा आपल्या लोकांनी खूप लिहिलं, मीही लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं. तीनशे वर्षांचा कारभार, जमीन-मोजणी, शब्द, खाणं, बागा, सगळं दोन-चार ओळींत उरकलं तर मराठ्यांचा इतिहाससुद्धा कळत नाही. कुणाशी आणि कशासाठी लढले, हेच उरत नाही. पण पुस्तकाशी भांडताना आपण घरात काय सांगतो, याकडे आपलं लक्ष कमी असतं. घरात एक तर वडिलांसारखं गप्प बसणं असतं, नाहीतर माझ्यासारखी यादी, नाहीतर एर्तुग्रुल. तिन्हींत मुलाला एकच काम असतं, बाजू सांभाळण्याचं.

शाळा उघडल्या तेव्हा आखातातल्या त्या मित्राचा फोन आला. त्याने मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं होतं. मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते, सोय आहे. तू पण काढ, म्हणाला, निदान इतिहास तरी नासणार नाही. त्याची काळजी मला कळते. कुठल्या वर्गात कोणता मास्तर काय बोलेल, कोणता मुलगा काय ओरडेल, सांगता येत नाही. माझ्या लहानपणी एका गुरुजींनी प्रतापगडाचा धडा शिकवताना माझ्याकडे बघून हसून डोळा मारला होता, वर्गही हसला होता. आज पस्तीस वर्षं झाली, विसरलो नाही.

तरी मी मुलीला शाळेत पाठवलं. घरी शिकवलेलं वर्ष मला फार मोलाचं वाटतं, पण त्या वर्षाची सुरुवात ज्या प्रश्नाने झाली तो गल्लीत तयार झाला होता, ओसरीवर नव्हे. ‘चांगली की खानवाली’ विचारणारा पोरगाही त्याच चौथीचं पुस्तक वाचत होता आणि त्याला घरी कुणी सुतळी दिलेली नव्हती. माझी मुलगी घरात बसून कितीही समंजस झाली, तरी तो पोरगा तसाच राहिला असता. आणि उद्या दोघांना एकाच बसस्टँडवर उभं राहायचं आहे. घरचा इतिहास शाळेच्या जागी नको, शाळेच्या सोबत हवा. रविवारी दोन तास, एक जुनी जीप, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसणं. बुलढाण्यात राहणाऱ्याला तर विषयाला तोटाच नाही. ज्यांच्या गावाजवळ किल्ला-मशीद काही नाही, त्यांच्याकडे बारव असेल, जुनी जिनिंग असेल, सैलानीच्या जत्रेला होळीत नारळ टाकायला गेलेली आजी असेल.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. हे करायला पालकाला वाचावं लागतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना मराठीतलं वाचायचा कंटाळा आहे. गॅझेटिअर मराठीत आहे, बखरी मराठीत आहेत, दख्खनच्या सुलतानांवरचं चांगलं लेखन मराठीत आहे. ‘आपला इतिहास कुणी लिहीत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी जिल्हा ग्रंथालयाची पायरी चढलीय? मीही लॉकडाऊनच्या आधी चढलो नव्हतो.

राहिला भाच्याचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर मी त्याला कधी दिलं नाही आणि त्याने परत विचारलंही नाही. फेब्रुवारीत पुन्हा निर्बंध लागायच्या आधी गल्लीत खेळ बदलला होता. भाच्याने आणि मुलीने पोरांना खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट सांगितली होती. खुर्चीवर निजामशहा, दोन्हीकडे जाधव आणि भोसले, सगळेच मरणार असल्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. भांडण व्हायचं ते फक्त हत्ती कोण होणार यावरून.